गाडी चालू आहे की बंद, हे माणसाला कळू द्या

प्रति,
हायब्रिड गाड्यांचे डॅशबोर्ड, बटणं आणि खटके ठरवणारे सर्व अभियंते आणि डिझायनर

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे अठरा वर्षांची मुलं येतात, तशीच आयुष्यभर गाडी चालवलेली, पण नव्या गाडीपुढे अडलेली माणसंही येतात. हे पत्र मुख्यतः या दुसऱ्या माणसांसाठी आहे.

मध्यंतरी सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आले. चाळीस वर्षं गिअरची गाडी चालवलेली. मुलीने हौसेने हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेऊन दिली होती. ते बसले, सीट पुढे घेतली, आरसे नीट केले, पट्टा लावला आणि बटण दाबलं. पडद्यावर दिवे लागले. सेल (स्टार्टर) लागल्याचा आवाज मात्र आला नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आणखी दिवे लागले, पण आवाज नाहीच. तिसऱ्यांदा दाबलं, तर होतं तेवढंही विझलं. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले आणि मला विचारलं, "मॅडम, बिघडली का ही?"

बिघडलं काहीच नव्हतं. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं, की अशा बहुतेक गाड्या पहिल्या दाबाला रेडिओपुरत्या जाग्या होतात, दुसऱ्याला सगळी उपकरणं सुरू होतात आणि तिसऱ्याला सगळं बंद होतं. चाकांना ताकद हवी असेल तर ब्रेक दाबून धरायचा, मग बटण दाबायचं आणि 'रेडी' हा शब्द किंवा गाडीचं छोटं हिरवं चित्र उमटेपर्यंत थांबायचं. मी त्यांच्याकडून तसं करून घेतलं. रेडी उमटलं, पण आवाज तरीही नाही, कारण बॅटरीत पुरेशी वीज होती आणि इंजिनाची गरज नव्हती. ते म्हणाले, "पण चालू कुठे झाली?" मी बोटाने तो शब्द दाखवला. ते जरा खाली बसतात. स्टिअरिंगच्या कड्याची वरची बाजू नेमकी त्या शब्दावर येत होती आणि तो वाचायला त्यांना हनुवटी उचलावी लागली. गाडी चालू आहे एवढं सांगणारी त्या अख्ख्या डॅशबोर्डवरची एकमेव खूण कड्याआड होती.

माझं म्हणणं यातच आहे. जुन्या गाडीत माणूस कानाने आणि तळपायाने गाडी ओळखायचा. सेल लागला, इंजिन धरलं, थरथर जाणवली, क्लच सोडताना आवाज जड झाला. यातलं काही कुणाला वाचायला लागत नव्हतं. तुम्ही इंजिन शांत केलंत, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कानाला मिळणारी ती सगळी माहिती आता दुसऱ्या वाटेने माणसापर्यंत पोहोचायला हवी. ती वाट म्हणजे तुमची बटणं, खटके आणि दिवे. तिथे अजून बरंच काम राहिलं आहे. टोयोटाची पहिली प्रियस ही हायब्रिड डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला आली. पाव शतकाहून जास्त काळात यंत्र विलक्षण सुधारलं, पण चालकाच्या हाताशी येणाऱ्या गोष्टी प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने मांडल्या. एका हायब्रिडवर शिकलेला माणूस दुसऱ्या हायब्रिडमध्ये बसला की पुन्हा पहिलीत जातो.

त्या तीन दाबांचा आणखी एक परिणाम मी पाहते. माणूस गाडीत बसून कुणाची तरी वाट पाहत असतो, गाणी लावलेली असतात, पंखा चालू असतो. त्याच्या समजुतीने गाडी चालू आहे. प्रत्यक्षात ती अर्धवट जागी असते आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरत असते. अर्ध्या-पाऊण तासाने निघायला जावं तर रेडी येत नाही. मालक चक्रावतो, कारण मोठी बॅटरी तर भरलेली दिसत होती. त्या मोठ्या बॅटरीत भरपूर वीज असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये प्रत्येकी १.२ व्होल्टचे १६८ बॅटरी-सेल म्हणजे २०१.६ व्होल्ट. पण तिला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आणि त्यांना हुकूम देणारा संगणक या छोट्या बॅटरीवर जागे होतात. कुलपाची किल्ली हरवल्यावर भरलेल्या कोठाराचा उपयोग काय? हे समजावून सांगितलं की लोकांना लगेच पटतं. गाडी मात्र हे सांगत नाही, किंवा अशा चार शब्दांत सांगते की त्याचा अर्थ लागत नाही. 'गाडी निघायला तयार नाही. छोटी बॅटरी खर्च होते आहे. ब्रेक दाबून बटण दाबा' असं स्वच्छ वाक्य पडद्यावर यायला काय अडचण आहे?

आता बंद करण्याविषयी. इथे थोडं जास्त लिहिते, कारण यात जिवाशी गाठ आहे.

माझी एक विद्यार्थिनी, चांगली शिकलेली, काळजीपूर्वक गाडी चालवणारी. नवीन हायब्रिड घेऊन आठवडा झाला होता. तळघरातल्या पार्किंगमध्ये तिने गाडी लावली, 'पी'चं (पार्किंगचं) बटण दाबलं, पिशव्या घेतल्या आणि उतरली. गाडी गप्प होती, म्हणून तिने ती बंद झाली असंच धरलं. किल्ली पर्समध्येच होती, काढायची वेळच आली नव्हती. उतरताना तिने दोनदा बीप ऐकलं, पण ही गाडी दार उघडलं तरी बीप करते, पट्टा काढला तरी करते, मागच्या सीटवर पिशवी ठेवली तरी करते. थोड्या वेळाने राहिलेली छत्री घ्यायला ती परतली, तेव्हा रिकाम्या गाडीचं इंजिन चालू होतं. तिने मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. तिला वाटलं, गाडी आपोआप सुरू झाली. खरं तर ती बंद झालीच नव्हती. रेडीतच उभी होती, बॅटरी थोडी उतरली आणि ती भरायला इंजिन सुरू झालं. यंत्राने ठरवून दिल्याप्रमाणे काम केलं.

तळघर मोठं आणि हवेशीर होतं. घराला चिकटलेलं बंद गॅरेज असतं तर? 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ साली अमेरिकेतल्या अशा घटना गोळा केल्या होत्या. बिनकिल्लीच्या गाड्या गॅरेजमध्ये चालू राहून कार्बन मोनॉक्साइडमुळे २००६ पासून किमान २८ माणसं दगावल्याचं त्यात दिसलं. या सगळ्या गाड्या हायब्रिड नव्हत्या. पण साध्या गाडीचं इंजिन निदान कानावर तरी पडतं. हायब्रिड तुम्ही उतरता तेव्हा मुकी असते आणि तुम्ही घरात गेल्यावर बोलू लागते. टोयोटाने २०१९ साली जाहीर केलं की २०२० मॉडेलपासून अमेरिकेतल्या आपल्या गाड्या ठरावीक वेळाने आपोआप बंद होतील. म्हणजे ते जमतं. मग ते सगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या देशांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत का नसावं? आणि त्याआधी एक साधी गोष्ट करा. चालक उतरला, दार उघडलं आणि गाडी अजून रेडीत असेल, तर त्याचा इशारा इतर कुठल्याही इशाऱ्यासारखा नसावा. पट्ट्याचं आणि या धोक्याचं बीप एकच असेल, तर माणूस दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करणार.

गिअरच्या खटक्याविषयी माझ्या मनात खूप साठलं आहे. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत तो खटका 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जाण्यासाठी, ढकलला तरी हात सोडताच मधल्या जागी परत येतो. आतमध्ये खरे गिअर बदलत नाहीत, विजेचा निरोप जातो, म्हणून यांत्रिकदृष्ट्या तो तिथे थांबायची गरज नाही, हे मला समजतं. रिव्हर्ससाठीही यातल्या बऱ्याच गाड्यांत वेगळा गिअर नसतो. मोटरच उलटी फिरते. पण हाताची एक स्मरणशक्ती असते. खटका पुढे असला की हाताला कळतं गाडी कुठे आहे, खाली बघावं लागत नाही. परत येणारा खटका दर वेळी एकाच जागी सापडतो, मग गाडी डीमध्ये असो, आरमध्ये (रिव्हर्स) असो की एनमध्ये (न्यूट्रल). गाडी वळवताना, मागून हॉर्न वाजत असताना, तीनदा पुढे-मागे करावं लागतं, तेव्हा माझे विद्यार्थी हमखास एकदा तरी उलट्या दिशेला ॲक्सिलरेटर देतात. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे म्हणून आजवर निभावलं.

याचा धडा मोटार उद्योगाला आधीच मिळालेला आहे. २०१६ साली फियाट क्रायस्लरला जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या अशाच परत येणाऱ्या खटक्यामुळे. गाडी पीमध्ये आहे असं समजून लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्या गाड्या हायब्रिड नव्हत्या, पण खटक्याची कल्पना तीच. त्याच्याही कितीतरी आधी, ऑटोमॅटिक गाड्या नव्या होत्या तेव्हा, कुणाचा क्रम पी-आर-एन-डी होता, तर कुणाचा पी-एन-डी-एल-आर (एल म्हणजे कमी वेगाचा गिअर). चालक गोंधळायचे आणि पुढे जाण्याऐवजी मागे जायचे. शेवटी अमेरिकेत १९६८ पासून नियमच झाला की पुढची गती आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे. आज जगात कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीत बसा, तो क्रम सापडतो, आणि त्यामुळे कुठल्या कंपनीचं नुकसान झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. हायब्रिडच्या खटक्यासाठी तुम्ही सगळे एकत्र बसून हेच करू शकता. खटका जागेवर राहणारा असावा, हे माझं मत. ते शक्य नसेल, तर निदान चालक उतरताना गाडीने स्वतःहून पी लावावा. काही गाड्यांत हे आहे, काहींत नाही, आणि आपल्या गाडीत आहे की नाही हे मालकाला ठाऊक नसतं.

एनचंही सांगते. गिअरच्या गाडीवर शिकलेला माणूस सिग्नलला सवयीने न्यूट्रल करतो. आम्हीच ते शिकवलं आहे. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत न्यूट्रलमध्ये इंजिन बॅटरी भरू शकत नाही. एसी चालू, दिवे चालू, गाडी कोंडीत अडकलेली आणि एनमध्ये, म्हणजे बॅटरी नुसती उतरत राहणार. माणूस बिचारा इंधन वाचवतोय असं समजत असतो. मॅन्युअलमध्ये ही सूचना आहे, मी वाचली आहे. पण ती सूचना लागते सिग्नलवर, आणि मॅन्युअल असतं डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बऱ्याचदा न उघडलेलं.

आणि आता खटक्यावरचं 'बी'.

या एका अक्षराने माझे जितके तास खाल्ले, तितके दुसऱ्या कशाने नाहीत. दहातले निम्मे लोक मला विचारतात, "बी म्हणजे बॅटरी ना? त्यात चालवली की चार्ज होते?" हा समज शेजाऱ्यांकडून येतो, व्हिडिओंमधून येतो, एकदा तर गाडी विकणाऱ्यानेच तसं सांगितलं होतं. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांत बी लांब उतारासाठी आहे. उतारावर गाडी मोटरच्या साहाय्याने वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत साठवते. पण उतार लांब असला की बॅटरी भरते, आणि भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही. मग वेग रोखायचा कशाने? बी लावलं की गाडी इंधन न देता इंजिन फिरवते, आणि ते फिरवण्यात गाडीची ताकद खर्ची पडते. गिअरच्या गाडीत उतारावर आपण दुसरा गिअर टाकायचो, त्याच्याच जातीचं हे काम. ब्रेक तापत नाहीत. पण सपाट रस्त्यावर कायम बीमध्ये चालवली, तर जी वीज परत मिळाली असती त्यातला वाटा इंजिन फिरवण्यात वाया जातो. बॅटरी भरावी म्हणून माणूस बी लावतो आणि होतं उलटंच.

एवढं शिकवून मी पुढे जाते, तर पुढच्या विद्यार्थ्याची गाडी निसानची ई-पॉवर हायब्रिड असते. तिथे बी लावलं की मोटर जास्त जोराने वेग रोखते आणि जास्त वीज गोळा करते. निसानच्याच लीफ या पूर्ण विजेवरच्या गाडीतही तसंच. तेच अक्षर, खटक्यावरची जवळजवळ तीच जागा, पण आतलं काम वेगळं. आणखी काही गाड्यांत यासाठी स्टिअरिंगमागे दोन पाती असतात आणि त्यांवर उणे-अधिकच्या खुणा. गिअर बदलायची पाती पाहिलेला माणूस त्यांना गिअरच समजतो.

एका उताराची आठवण लिहितेच. पन्नाशीच्या एक बाई, हात स्थिर, नजर चांगली. अर्धा उतार झाला होता, पडद्यावर बॅटरीचे सगळे रकाने भरलेले दिसत होते. मी म्हटलं, आता बी लावा. त्यांनी लावलं आणि इंजिन एकदम ओरडलं. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इतका मोठा आवाज! त्यांनी दचकून खटका पुन्हा डीकडे ढकलला. गाडी मोकळी सुटल्यासारखी पळाली आणि त्यांनी ब्रेकवर जोरात पाय दिला. मागे ट्रक होता. काही झालं नाही. कडेला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी काहीतरी मोडलं." त्यांच्या पुढ्यात पडद्यावर त्या क्षणी रंगीत बाण फिरत होते, चाकाकडून बॅटरीकडे, इंजिनाकडून मोटरकडे. सुंदर चित्र आहे ते, मुलं मागच्या सीटवरून कौतुकाने पाहतात. पण 'इंजिन वेग रोखत आहे, इंधन खर्च होत नाही' हे आठ शब्द त्यावर असते, तर त्या बाईंनी खटका हलवला नसता.

मी असं सुचवीन की एका अक्षराचा एकच अर्थ ठेवा. उतारावर इंजिनाने रोखायचं असेल तर उताराचं चिन्ह द्या. वीज जास्त गोळा करायची असेल तर त्याला वेगळं चिन्ह द्या, सगळ्या कंपन्यांत एकच. दिवे आणि खुणांसाठी तुमच्याकडे आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. हेडलाइटची, हँडब्रेकची, तेलाच्या किटलीची खूण जगभर ओळखली जाते ती त्यामुळेच. या कामालाही तिथे जागा मिळू शकते.

गाडी नुसत्या विजेवर चालवायच्या 'ईव्ही' बटणाबद्दल तक्रार छोटी आहे, पण रोजची. लोक गाडी घेताना याच बटणाची सर्वात जास्त चौकशी करतात. पहिल्याच सकाळी ते दाबतात आणि पडद्यावर येतं, 'ईव्ही मोड सध्या उपलब्ध नाही'. का नाही, ते लिहिलेलं नसतं. कारणं साधी आहेत. बॅटरी कमी असेल, इंजिन अजून गरम झालं नसेल, वेग जास्त असेल, ॲक्सिलरेटर जोरात दाबला असेल, काचेवरचं बाष्प घालवायचा झोत चालू असेल. गाडीला नेमकं कारण माहीत असतं, त्याशिवाय तिने नकार दिलाच नसता. मग तेच कारण चालकालाही सांगा. 'इंजिन गरम होत आहे, थोड्या वेळाने पुन्हा दाबा.' असं दोन-तीनदा वाचलं की माणूस ती गाडी आपोआप शिकतो. सध्या होतं असं की चार नकारांनंतर लोक ते बटण कायमचं सोडून देतात, किंवा सर्व्हिस सेंटरला जाऊन तक्रार करतात.

प्लग लावून भरायच्या हायब्रिडमध्ये याच्याही पुढचा घोळ आहे. तिथे एक बटण बॅटरीतली वीज राखून ठेवतं आणि दुसरं इंजिन चालवून बॅटरी भरतं. हे दुसरं 'चार्ज' या नावाने असतं. चार्ज म्हटल्यावर कुणालाही चांगलंच वाटणार. लोक ते लावून ठेवतात आणि पेट्रोल जाळून वीज बनवत राहतात, जी रात्री भिंतीतल्या प्लगमधून सहज मिळाली असती. नावातच 'इंजिनाने भरा' असं असतं, तर कुणी फसलं नसतं. इको, नॉर्मल आणि पॉवर या चालवण्याच्या तीन मोडबद्दल मात्र फारशी तक्रार नाही. ॲक्सिलरेटर किती हलका किंवा जड प्रतिसाद देतो आणि एसी किती जोर लावतो, एवढाच मुख्य फरक, आणि तो लोकांच्या पायाला लवकर कळतो.

पडद्यांकडे येते. वीज किती गोळा करायची, चालत्या गाडीचा पादचाऱ्यांसाठीचा आवाज, उभं राहिल्यावर ब्रेक धरून ठेवणारं होल्ड, अशा रोजच्या गोष्टी काही गाड्यांत स्पर्शाच्या पडद्यात तीन पायऱ्या आत गेल्या आहेत. स्वीडनच्या 'व्ही बिलॅगरे' मासिकाने २०२२ साली एक साधी चाचणी केली होती. ताशी ११० किमी वेगाने जाताना चार कामं करायची, रेडिओ बदलणं, हवा गरम करणं अशी. बटणांची २००५ ची व्होल्वो चालवणाऱ्याला १० सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्यावर चालणाऱ्या एका नव्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. चौदाशे मीटरच्या आसपास रस्ता, आणि त्यात नजर पुन्हापुन्हा पडद्यावर! गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनसीएपी या संस्थेने २०२६ पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी खरी बटणं असावीत असं ठरवलं आहे. त्या यादीत हायब्रिडच्या गोष्टीही याव्यात यासाठी तुम्ही स्वतःहून पुढे व्हावं, ही माझी इच्छा आहे. निदान वीज गोळा करण्याचा जोर आणि होल्ड, या दोन गोष्टी नजर रस्त्यावर ठेवून बोटाला सापडाव्यात.

पादचाऱ्यांसाठीच्या आवाजाचं बटण असू नये, एवढंच म्हणते. युरोपीय संघात जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांना ताशी २० किमीपर्यंत असा आवाज सक्तीचा आहे. ज्यांना दिसत नाही अशी माणसं रस्ता कानाने ओलांडतात. चालकाला तो आवाज कंटाळवाणा वाटला म्हणून बंद करता यावा, हे मला कुठल्याच देशात योग्य वाटत नाही.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच शिकवते, आणि ती गाडी चालू-बंद करायच्या बटणावरच लिहिलेली असायला हवी होती. चालत्या गाडीत काही अघटित झालं, ॲक्सिलरेटर अडकला, तर हे बटण एकदा टिचकी मारून चालत नाही. काही गाड्यांत ते दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा तीनदा लागोपाठ दाबावं लागतं. चुकून हात लागून गाडी बंद पडू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती बरोबर आहे. पण घाबरलेला माणूस बटण दाबून धरत नाही, तो ते थडाथड मारतो किंवा एकदा दाबून सोडतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात पायाखालच्या चटईत ॲक्सिलरेटर अडकून एका गाडीतले चौघे गेले. गाडी त्यांची स्वतःची नव्हती, तात्पुरती मिळालेली होती, आणि तिचं बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं. मी प्रत्येक विद्यार्थ्याला उभ्या गाडीत मोठ्याने सेकंद मोजत ते बटण दाबून धरायला लावते. तीन सेकंद किती लांब असतात, हे तेव्हाच कळतं. ही रीत सगळ्या गाड्यांत एकच का नाही?

शेवटची मागणी गाडी हातात देतानाची. गाडीची किल्ली देताना मालकाला फोन कसा जोडायचा ते दाखवतात, फोटो काढतात, आणि बीचा, एनचा, रेडीचा विषयही निघत नाही. तुमच्या पडद्यात एवढी ताकद आहे, तर तिथेच एक शिकवणी घाला. गाडी पीमध्ये उभी असताना पडदा म्हणेल, ब्रेक न दाबता बटण दाबून बघा, आता ब्रेक दाबून बघा, फरक पाहा. मग एन, मग होल्ड, मग बी. पंधरा मिनिटांत होईल, आणि चालकाच्या भाषेत, मॅन्युअलच्या भाषेत नाही. गाडी दुसऱ्याला विकली की नव्या मालकासाठी ती शिकवणी पुन्हा सुरू व्हावी. वापरलेली हायब्रिड घेणाऱ्यांना तर सांगणारं कुणीच नसतं. मजकूर लिहायला माणूस कमी पडत असेल तर मी विनामोबदला लिहून देईन, आणि माझ्यासारखे शिकवणारे जगभर आहेत.

ते सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ पाचव्या दिवशी एकटे गाडी घेऊन गेले. त्याआधी त्यांनी घरून आणलेल्या कागदाच्या पट्टीवर जाड पेनाने तीन ओळी लिहिल्या आणि चिकटपट्टीने बटणाच्या बाजूला लावल्या: 'आधी ब्रेक. मग बटण. मग हिरवा दिवा.' खाली वेगळ्या रंगात चौथी ओळ होती, 'उतरताना बटण, दिवा गेला ना बघ.' ती पट्टी अजून तिथेच आहे. तुमची पुढची गाडी आखायला घेताना अशा एखाद्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा. लागला तर निरोप द्या, मी पाठवते.

आपली,
गाडी शिकवणारी एक शिक्षिका